केल्पच्या वनात दोन दिवस: खानदेशातून थंड समुद्रात उतरणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली बरीच मंडळी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जाणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. अशा मुक्कामात ज्यांना स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेत पाण्याखाली पोहणे, येते त्यांनी एक शनिवार-रविवार तेथील मॉन्टेरे या किनाऱ्यावरच्या गावाजवळील केल्पवनांसाठी, म्हणजे समुद्रतळावरून झाडांसारख्या उंच वाढणाऱ्या शैवालाच्या वनांसाठी, राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. सॅन होजेहून मोटारीने ते गाव दीड तासाच्या आत येते. मात्र मालवण, गोवा किंवा अंदमानच्या २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात शिकलेल्या माणसाने तेवढ्याच तयारीवर १२ अंशांच्या पाण्यात उतरू नये. आम्ही चौघे, म्हणजे रावेरचा केळी बागायतदार, अमळनेरचा शिक्षक, सॅन होजेत राहणारा मूळ चोपड्याचा मित्र आणि मी, तेथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेला चुकलो, दुसऱ्या खेपेला त्या चुका सुधारल्या, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे लिहीत आहे. त्यातला मुख्य नियम आधीच सांगून ठेवतो: गटात ज्याला सर्वांत आधी थंडी वाजते, त्याच्या मापाने सगळ्यांची डुबकी आखावी.

घरी करायची तयारी

पहिली गरज प्रमाणपत्राची आहे. ‘ओपन वॉटर’ पातळीचे कार्ड दाखवल्याशिवाय तेथील दुकाने सिलिंडर देत नाहीत. हा अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यात २०० मीटर पोहणे व १० मिनिटे कशाचाही आधार न घेता तरंगणे यांची परीक्षा असते. आपल्या राज्यातच, सिंधुदुर्गात, त्याची सोय आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. या कार्डावर १८ मीटर खोलीपर्यंत उतरता येते आणि केल्पवनासाठी तेवढी खोली पुरेशी आहे. अभ्यासक्रम होऊन वर्ष उलटले असेल, तर जाण्याआधी उजळणीची एक डुबकी जरूर घ्यावी. दमा, हृदयविकार, कानाच्या पडद्याची तक्रार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांचे लेखी मत घेतल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये, कारण थंड पाणी रक्तवाहिन्या आकसवते आणि हृदयावर एकदम ताण आणते.

आपल्यापैकी बरेच जण मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. त्या विहिरीचा आजही उपयोग होतो: मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकातून श्वास सोडत बाहेर काढणे, डोळे मिटून चाचपडत बकल शोधणे, काठाच्या पायरीला धरून सावकाश श्वास घेणे, हा सराव तेथे उत्तम होतो. थंडीचा सराव मात्र विहिरीत होत नाही. जानेवारीच्या पहाटे गारठ्याने बाहेर दात वाजत असले, तरी विहिरीचे पाणी कोमटच लागते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही पाण्याच्या मोठ्या पिंपात बर्फाच्या लाद्या टाकल्या, थर्मामीटरने पाणी १४-१५ अंशांवर आणले आणि दोन आठवडे एक दिवसाआड प्रत्येकी तीन-चार मिनिटे त्यात बसलो. अचानक थंड पाणी लागले की छाती आपोआप वर ओढली जाते, श्वास भरभर चालतो आणि पहिला मिनिटभर त्यावर आपला ताबा राहत नाही. हा झटका काही वेळा अनुभवला की त्याचा जोर कमी होतो. हा प्रयोग एकट्याने कधीही करू नये, जवळ कोणीतरी उभे असावेच, आणि ज्यांच्या हृदयाविषयी थोडीही शंका आहे त्यांनी तो मुळीच करू नये.

केल्प म्हणजे काय

केल्प ही वनस्पती नसून तपकिरी शैवालाचा एक प्रकार आहे. मॉन्टेरेच्या आखातात मुख्यतः राक्षसी केल्प आढळते. अनुकूल काळात ते दिवसाला ५०-६० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. त्याला मुळे नसतात. तळाच्या खडकाला बोटाएवढ्या जाड तंतूंची एक घट्ट जुडी पकडून असते, तिच्यातून लवचीक देठ वर निघतात, आणि देठावरच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी पेअरच्या फळासारखा, आत वायू भरलेला एक फुगा असतो. हेच फुगे सबंध शैवाल उभे धरतात. देठ पृष्ठभागावर पोहोचला की वाढ थांबत नाही. तो आडवा पसरत जातो आणि पाण्यावर पात्यांचे छत तयार होते.

रावेरच्या मित्राने पहिल्या डुबकीनंतर सांगितले की त्याला भर दुपारी केळीच्या बागेत उभे राहिल्यासारखे वाटले, आणि याहून चांगले वर्णन मला अजून सुचलेले नाही. वर पानांचे आच्छादन, त्यातून गाळून आलेला पिवळसर हिरवा उजेड, आजूबाजूला एकामागे एक उभे खांब आणि त्यांच्यामधून वाट काढावी तशा चालणाऱ्या माशांच्या रांगा. फरक इतकाच की येथे सगळी बाग एका लयीत पुढे-मागे झुलत असते, आणि तिच्याबरोबर आपणही झुलतो.

या बागेचा राखणदार समुद्री पाणमांजर आहे. ते सी-अर्चिन हे काटेरी प्राणी खाते, आणि सी-अर्चिन केल्पची पकड, म्हणजे तळाची तंतूंची जुडी, कुरतडतात. फरच्या व्यापारात ही पाणमांजरे इतकी मारली गेली की १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळेपर्यंत कॅलिफोर्नियात ती संपल्यातच जमा होती. १९३८ साली बिग सुरच्या किनाऱ्याजवळ सुमारे पन्नासांचा एक कळप दिसला आणि आज तेथे असलेली सुमारे तीन हजार पाणमांजरे त्याच्या वंशातली आहेत. पुढे २०१३ पासून तारामाशांवर एक रोग आला, त्यात सी-अर्चिन खाणारा सूर्यफुली तारामासा जवळजवळ नाहीसा झाला, पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्र नेहमीपेक्षा उबदार राहिला, आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पवनांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग गेला. मॉन्टेरेच्या परिसरातही काही खडक उघडे पडले आहेत. जेथे वन शिल्लक आहे तेथे आपण पाहुणे म्हणून जात आहोत, म्हणून फिन्सचा (पोहण्यासाठी पायांत घालायच्या पंखांचा) फटका पकडीला लागणार नाही याची काळजी घ्यावी. पाणमांजर केल्पच्या पात्यांत अंग गुंडाळून झोपलेले दिसले, तर लांबूनच पाहावे. सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणे तेथील १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सूट आणि वजन

मॉन्टेरेचे पाणी वर्षभर साधारण १० ते १५ अंशांच्या दरम्यान असते. वसंतात वायव्येच्या वाऱ्यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. केल्पला ते मानवते. आपल्याला मात्र हाच काळ सर्वांत जड जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने निवडावेत, कारण तेव्हा पाणी त्यातल्या त्यात सुसह्य असते, दृश्यमानता चांगली मिळते आणि हिवाळी वादळांनी छत अजून फाडलेले नसते.

७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), डोक्याला हुड, हातमोजे आणि बूट यांच्याशिवाय उतरू नये. ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) अधिक उबदार असतो, पण त्यात कोंडलेली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर फेकला जातो. त्याचे वेगळे प्रशिक्षण झाले नसेल, तर पहिल्या शनिवार-रविवारी त्याच्या वाटेला जाऊ नये. वेटसूट अंगाला घट्ट बसणे ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. त्याच्या आत पाण्याचा एक पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेने गरम होतो आणि सूटच्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. सूट कमरेत किंवा मानेशी ढिला असेल तर ते पाणी सतत बदलत राहते आणि प्रत्येक हालचालीबरोबर नवे थंड पाणी पाठीवरून वाहते. पहिल्या खेपेला भाड्याच्या दुकानाने अमळनेरच्या मित्राला एक माप मोठा सूट दिला, त्यानेही गर्दी पाहून भिडेपोटी तो परत केला नाही, आणि त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. दुकानात सूट चढवून खाली बसावे, हात वर करावेत, पाठीच्या कण्याशी पोकळी राहते का ते जोडीदाराला चाचपायला सांगावे, आणि राहत असेल तर नि:संकोच दुसरा मागावा.

जाड सूट माणसाला वर तरंगवतो, म्हणून तारकर्लीत चार किलो वजन लावणाऱ्याला येथे दहा-बारा किलो किंवा त्याहून अधिक लागू शकते. तलावात जुळवलेले वजनही समुद्रात कमी पडते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्क्यांनी जड असते. योग्य वजन ठरवण्यासाठी किनाऱ्याजवळच्या पाण्यात सर्व सामानासह उभे तरंगावे, बीसीडी जाकीट (हवा भरून किंवा सोडून तरंगणे कमी-जास्त करण्याचे जाकीट) पूर्ण रिकामे करावे आणि साधा श्वास रोखावा. पाणी डोळ्यांच्या रेषेवर आले आणि श्वास सोडताच माणूस सावकाश बुडू लागला, तर वजन बरोबर आहे. सिलिंडर भरलेले असताना ही चाचणी घेतली असेल, तर त्यावर सुमारे दोन किलो वाढवावे, कारण डुबकीत श्वासावाटे तेवढ्या वजनाची हवा संपते आणि शेवटी वर येताना पाच मीटरवर थांबावे लागते तेव्हा माणूस हलका होतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटमधील वायूचे बारीक बुडबुडे निम्म्याने आकसतात, सूट पातळ होतो. त्यामुळे खाली जाताना जाकिटात थोडी-थोडी हवा भरावी लागते आणि वर येताना ती आठवणीने सोडावी लागते.

कोठे उतरावे

पहिल्या दिवशी सॅन कार्लोस बीचवर जावे. धक्क्याच्या आडोशाला असलेला हा वाळूचा किनारा आहे, वाहनतळ आणि स्वच्छतागृह जवळ आहे, आणि दगडी धक्क्याच्या कडेने गेल्यास वाट चुकण्याचा संभव कमी असतो. धक्क्यावर सी-लायन (समुद्रसिंह) पडलेले असतात आणि त्यांचे भुंकणे पाण्याखालीही ऐकू येते. दुसऱ्या दिवशी पॉइंट लोबोसच्या व्हेलर्स कोव्हला जावे. तेथे एका दिवशी ठरावीक संख्येनेच पाणबुड्यांना प्रवेश मिळतो, म्हणून जागा आधी राखून ठेवावी लागते. कार्मेलजवळचा मोनॅस्ट्री बीच फोटोंत सुंदर दिसतो, परंतु तेथील किनारा एकदम उतरतो आणि लाटा पायांखालची वाळू ओढून नेतात. नवख्यांनी तेथे जाऊ नये, एवढेच मी सांगेन.

कोणत्याही जागी पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी पंधरा-वीस मिनिटे उभे राहून लाटा पाहाव्यात. लाटा गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा गट जाऊन शांत काळ किती वेळ टिकतो ते मोजल्याशिवाय पाण्यात शिरण्याची वेळ ठरवता येत नाही. चौघांपैकी एकाचे जरी मन मागे सरत असेल, तर त्याच्याकडे कारण न मागता डुबकी रद्द करावी. आम्ही हे दुसऱ्या खेपेला आधीच बोलून ठेवले होते आणि त्यामुळे रविवारी सकाळी ‘आज नको’ म्हणणे रावेरच्या मित्राला जड गेले नाही.

केल्पमध्ये शिरताना

केल्पमध्ये अडकायला होते ते बहुधा आपल्याच सामानामुळे. म्हणून पाण्यात जाण्याआधी जोडीदाराने दुसऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळावे. फिन्सच्या पट्ट्यांची बाहेर आलेली टोके आतल्या बाजूला वळवावीत किंवा चिकटपट्टीने बांधावीत, सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या दाबमापकाची नळी छातीशी अडकवावी, स्नॉर्केल (पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी) काढून खिशात ठेवावे, आणि लहान कात्री किंवा सुरी पोटरीला न बांधता दोन्ही हातांना पोहोचेल अशी छातीच्या पट्ट्यावर लावावी. पोटरीवरची सुरीच सर्वांत आधी केल्पला धरून बसते.

छताच्या कडेपर्यंत पाठीवर पोहत जावे आणि मोकळ्या पाण्यात, पाय खाली ठेवून, उभ्यानेच उतरावे. खाली गेले की वन विरळ होते, कारण दोन खडकांवरच्या जुड्यांमध्ये अंतर असते आणि देठ वर गेल्यावरच पसरतात. दाटी असते ती वरच्या दोन-तीन मीटरांत. तेव्हा जाणे-येणे छताच्या खालून करावे, होकायंत्राने दिशा धरून ठेवावी आणि परतीसाठी हवा राखून ठेवावी. सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने सुरुवात केली असेल तर कोणाचेही मापक १२० वर येताच सगळ्यांनी वळावे आणि ५० बार शिल्लक असताना मोकळ्या पाण्यात वर यावे.

तरीही काही अडकलेच, तर पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. वळून पाहू नये, कारण वळले की देठ अंगाभोवती गुंडाळला जातो. माझ्या फिनचे बकल एकदा असेच धरले गेले. मी पाय ओढला. देठ ताणला गेला, रबरासारखा लांबला आणि पुन्हा मला मागे घेऊन आला. कितीही ओढले तरी तो तुटत नाही, हे मला शिकवले होते, पण थंडीत ते आठवायला काही क्षण लागले. मग मी गुडघा छातीशी घेतला, हातमोज्यातल्या दोन बोटांनी देठ पकडला आणि त्याची घडी घातली. बाजारात भेंडी कोवळी आहे का हे पाहताना तिचे टोक जसे मोडावे, तसा तो कट् करून मोडला. ओढून न तुटणारे केल्प वाकवले की सहज मोडते, म्हणून सुरी बाहेर काढायची वेळ क्वचितच येते. हात पोहोचत नसेल तर जोडीदाराला खूण करावी आणि तो येईपर्यंत नुसते श्वास घेत राहावे.

छताखालीच वर यावे लागले, तर एक हात डोक्यावर धरून, वर पाहत, अगदी सावकाश यावे. आपले बुडबुडे पाने बाजूला सारून थोडी जागा करतात, त्या जागेतूनच डोके बाहेर काढावे. मग जाकिटात हवा भरावी, पोटावर आडवे व्हावे, आणि हाताने पाने खाली दाबत, पायांचा फारसा उपयोग न करता, रांगत्या बाळासारखे पुढे सरकावे. लाथा मारल्या की पाय गुंततात. हे रांगणे फार दमवते, म्हणूनच हवा राखून खालून परत येणे बरे.

थंडी आणि माणूस

पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. आधी बोटे जातात, नंतर विचार मंदावतात, आणि हे ज्याचे त्याला कळत नाही, शेजाऱ्याला कळते. पहिल्या खेपेच्या शनिवारी पहिली डुबकी ४० मिनिटांची झाली. बाहेर वारा होता. आम्ही ओल्या सूटमध्येच तासभर गप्पा मारत बसलो. अमळनेरचा मित्र गप्प होता. विचारले तेव्हा त्याने हसून ‘माले काही व्हत नही’ असे सांगितले आणि आम्ही ते खरे मानले. दुसऱ्या डुबकीत बारा मीटरवर मी त्याला दाबमापक दाखवण्याची खूण केली, तर त्याने मापक हातात धरले आणि नुसता त्याकडे पाहत राहिला. त्याला आकडा दिसत होता, पण बोटांनी तो सांगता येत नव्हता. आम्ही तेथूनच परतलो. किनाऱ्यावर त्याला सूटची चेन उघडता येईना आणि शब्द जड येऊ लागले. ओले कपडे काढून, कोरडे करून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याला गाडीत हीटरसमोर बसवले, घोट-घोट गरम गोड चहा दिला, आणि कापरे पूर्ण थांबायला तासाहून अधिक वेळ लागला. बोलणे आणखी अडखळले असते किंवा कापरे थांबूनही तो सुस्त राहिला असता, तर ९११ या तेथील आपत्कालीन क्रमांकाला फोन करण्याआधी एक मिनिटही घालवायचे नव्हते. अशा माणसाला चालवू नये, हातपाय चोळू नयेत आणि कढत पाण्यात बसवू नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही डुबकी ३० मिनिटांवर आणली आणि दिवसाला दोनच ठेवल्या. पहिल्या डुबकीनंतर सूट कमरेपर्यंत उतरवून कोरडा स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याचे जाकीट चढवणे सगळ्यांना सक्तीचे केले. सकाळी दोन थर्मास भरून गरम पाणी नेले. डुबकीआधी ते हातमोज्यांत आणि बुटांत ओतले की सुरुवातीची दहा मिनिटे फार सुखाची जातात. पाण्याखाली दर पाच मिनिटांनी जोडीदाराला हवेचा आकडा विचारायचा, तो बोटांनी नीट सांगता आला नाही तर कारण न पाहता परतायचे. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळण्याची खूण म्हणजे ‘मला थंडी वाजते आहे’. ती खूण एकाने केली की चौघांची डुबकी संपली. त्या खेपेला पहिली खूण मीच केली. परत निघताना अमळनेरच्या मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि किनारा लागेपर्यंत काढला नाही.

खाण्याचे थोडक्यात: डुबकीच्या सकाळी केळी, डिंकाचा लाडू आणि चहा पुरे. झणझणीत शेवभाजी, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी संध्याकाळसाठी ठेवावी. ती मॉन्टेरेच्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात उत्तम होते. आदल्या रात्री मद्य नको आणि जागरणही नको.

परतीचा हिशेब

वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावेच. दोन दिवस ओळीने डुबक्या घेतल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातील कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. म्हणून रविवारच्या डुबक्या दुपारपर्यंत संपवाव्यात आणि मुंबईचे विमान सोमवारी रात्रीचे किंवा त्यानंतरचे घ्यावे. डायव्हिंगचा स्वतंत्र विमा प्रवासविम्याव्यतिरिक्त काढावा. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंगचे अपघात बहुधा वगळलेले असतात.

सामान परत करण्याआधी गोड्या पाण्याने धुवावे. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी पोहोचवणारे साधन) धुताना सिलिंडरला जोडायच्या तोंडावरचे झाकण घट्ट बसले आहे ना, ते पाहावे, नाहीतर पाणी आत जाते. सूट उलटा करून सावलीत वाळत घालावा. जळगावच्या उन्हाची सवय असलेला माणूस तो हमखास उन्हात टाकतो आणि रबर कडक होऊन जाते. सूटच्या घडीत केल्पचा एखादा फुगा सापडला, तर तो तेथेच किनाऱ्यावर ठेवून यावा.